पगार महिन्याचा, हिशेब तासाचा



मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोलायला बोलावलं की वक्त्याची एक सोय होते. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि तोच कामगार दिन, त्यामुळे दोनपैकी एक विषय आयता मिळतो. मी दोन्ही घेतोय. माणूस महाराष्ट्रातला आणि कामगारच, पण कारखान्याबाहेरचा. हॉटेलातला वेटर, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, कापडाच्या दुकानातला सेल्समन, चार घरची कामं धरलेली बाई, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवर फिरणारा मुलगा. यांच्याबद्दल आज एकच प्रश्न विचारायचा आहे : यांना तासाला किती मिळतात?

प्रश्न किती साधा आहे पाहा. तिसरीतला मुलगाही भागाकार करून उत्तर देईल. तरीही महाराष्ट्र सरकारच्या कुठल्याही नियमित प्रकाशनात याचं उत्तर सापडत नाही. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर आपलं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं. जाडजूड आणि उपयोगी पुस्तक आहे, मी ते आवडीने वाचतो. राज्याच्या उत्पन्नात निम्म्याहून अधिक वाटा सेवा क्षेत्राचा, हे त्यात कळतं. त्या क्षेत्रात राबणाऱ्याच्या एका तासाला काय भाव मिळतो, हे कळत नाही.

जिथे हा आकडा आहे तिथून सुरुवात करू. अमेरिकेतलं ओहायो हे राज्य घ्या. तिथल्या खाजगी सेवा क्षेत्रातल्या सर्व कर्मचाऱ्यांची सरासरी ताशी कमाई दर महिन्याला प्रसिद्ध होते, आणि ही मालिका जानेवारी २००७ पासून चालू आहे. ओहायोची म्हणून खास नाही, तिथल्या प्रत्येक राज्याची अशी मालिका आहे. पद्धत सोपी आहे. केंद्रीय श्रम सांख्यिकी विभाग देशभरातल्या सव्वा लाखाच्या आसपास व्यवसायांकडून आणि सरकारी कचेऱ्यांकडून दर महिन्याला माहिती मागवतो. महिन्याची १२ तारीख ज्या पगार-आठवड्यात किंवा पंधरवड्यात येते, त्या काळात तुम्ही किती माणसांना, किती तासांचा, एकूण किती पगार दिला, एवढंच विचारायचं. पगाराला तासांनी भागलं की झालं. या मालिकेत देशाचा आकडा आधी येतो आणि राज्यांचे साधारण दोन आठवड्यांनी.

हे ऐकून आपल्याला न्यूनगंड यायचं कारण नाही. आकडा असला म्हणजे सत्य हाती लागतंच असं नाही, आणि त्याचा मोठा धडा २०२० च्या एप्रिलने दिला. त्या एका महिन्यात अमेरिकेतल्या २ कोटी ५ लाख नोकऱ्या गेल्या. हॉटेल, उपाहारगृहं, करमणूक या एका गटातल्या ७७ लाख, म्हणजे त्या गटातल्या ४७ टक्के. बेकारीचा दर १४.७ टक्क्यांवर गेला. आणि त्याच महिन्यात देशाची सरासरी ताशी कमाई १ डॉलर ३४ सेंटनी वाढून ३० डॉलर १ सेंट झाली! एरवी एवढी वाढ व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. पगार फारसे कोणाचे वाढले नव्हते. कमी पगाराची माणसं पगारपत्रकावरूनच गेली, आणि जास्त पगाराची घरी बसून संगणकावर काम करत राहिली. वर्गातली कच्ची मुलं परीक्षेला बसलीच नाहीत की वर्गाची सरासरी वाढते, तसा हा प्रकार. नुसता आलेख पाहणाऱ्याला वाटावं, काय सुगीचे दिवस आहेत.

दुसरं असं की ‘सेवा क्षेत्र’ ही मोट फार मोठी आहे. तिच्यात क्लीव्हलंडच्या इस्पितळातला हृदयशल्यविशारद आहे आणि त्याच इस्पितळाच्या उपाहारगृहात बशा विसळणाराही. आपल्याकडे हिंजवडीच्या एका इमारतीत संगणक अभियंता आणि कँटीनमधला पोऱ्या, दोघेही सेवा क्षेत्रातच. दोघांची सरासरी काढली तर जो माणूस तयार होतो, तो त्या इमारतीच्या कुठल्याही मजल्यावर नाही. म्हणून अमेरिकेतला तोच श्रम सांख्यिकी विभाग दरवर्षी व्यवसायवार आणि राज्यवार दुसरे तक्तेही काढतो. त्यांत मधल्या माणसाला तासाला किती, तळच्या दहा टक्क्यांच्या सीमेवर किती, हे दिलेलं असतं. मला विचाराल तर खरे वाचण्याजोगे तक्ते तेच. वर्तमानपत्रांत मात्र सरासरी छापून येते, कारण ती एका ओळीत मावते.

तिसरी गोष्ट टिपची. पगारपत्रकावर न चढणारी बक्षिसी या मासिक आकड्यात धरली जात नाही. आणि टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची किमान रक्कम तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट एवढीच आहे. बाकीची भरपाई गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि किमान मजुरीला जे कमी पडेल तेवढंच मालकाने भरायचं. साधी केंद्रीय किमान मजुरीही २००९ च्या जुलैपासून ७ डॉलर २५ सेंटवरच अडकलेली आहे. अनेक राज्यांनी आपापले दर त्याहून वर नेलेत हा भाग वेगळा.

म्हणजे अमेरिकेच्या आकड्यातही खोट आहे. पण एक गोष्ट तिथे पक्की आहे : भागाकारात वर पगार आहे आणि खाली तास आहेत, दोन्ही एकाच पत्रकावरून, एकाच काळाचे. आपली अडचण अंशाची नाही. अंश कसाही मिळतो, पगार कोणीही सांगतो. आपल्याकडे छेदच हरवलेला आहे. हरवला कसा, हे आज मला सांगायचं आहे.

एकेकाळी तो याच प्रांतात सापडलेला होता. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि त्याच वर्षापासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केलं. गिरणगावातल्या संपांनी सरकारला जाग आणली होती, हे उघड आहे. फिंडले शिरास नावाचे सांख्यिकी जाणणारे अधिकारी त्या कचेरीचे प्रमुख. त्यांनी कापड गिरण्यांची जी पाहणी केली तिचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. त्याच्या शीर्षकात वेतन आणि कामाचे तास हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कारकुनाला कळत होतं की एकाला सोडून दुसऱ्याला अर्थ नाही.

त्याच्याही मागे जाऊ. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची परिषद भरवली आणि हजारो सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. काम करताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. दर वाढवून द्या, ही मागणी त्या यादीत नाही! पहिल्या तीन मागण्या सरळ वेळेच्या आहेत, चौथीही पगार कधी मिळणार याबद्दलची. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राच्या या संपादकाला कळलं होतं की दिवसाला हद्द नसेल तर दिवसाच्या मजुरीला काही अर्थ उरत नाही. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

पुढे कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची मर्यादा १९२२ मध्ये साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तास अशी उतरत गेली. शेवटची पायरी उतरताना मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच ११ एप्रिल १९४६ ला मांडलं, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात किमान दर कोणत्या हिशेबाने ठरवता येतील ते सांगताना पहिला पर्याय तासाचा दिलेला होता, मग दिवस, मग महिना. आता त्याच्या जागी वेतनसंहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. पण तास मोजायची वाट कायद्यात पहिल्यापासून होती. आपण त्या वाटेने फारसं गेलो नाही.

कारण हे सगळं घडलं कारखान्यासाठी. कारखान्याला भोंगा असतो. भोंगा मालकासाठी वाजतो, पण तो कामगारालाही ऐकू येतो, आणि लेबर ऑफिसच्या कारकुनालाही. दुकान, हॉटेल, घर, गेट यांना भोंगा नाही. दुकानांसाठी कायदा केला तो मुंबई प्रांताने १९३९ मध्ये, देशात पहिल्यांदा, आणि ते श्रेय आपण घेतलंच पाहिजे. आजचा आपला दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात मुळात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर होता. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली, वर दहाऐवजी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरतीच ही सगळी बंधनं ठेवायचंही ठरवलं. उद्योगस्नेही धोरण म्हणून त्याची तरफदारी झाली. मी त्या वादात जात नाही. एवढंच लक्षात घ्या की ज्या दुकानात अठरा माणसं आहेत तिथला तास या बंधनांच्या कक्षेबाहेर जातो.

आता गेटवर येऊ. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण या सभागृहात बसलेले बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद असणार.

समजा, वॉचमनचा पगार १५,००० रुपये आहे. आकडा केवळ हिशेबाला सोयीचा म्हणून घेतला. दिवसाला आठ तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर २०८ तास. तासाला झाले ७२ रुपये. पण सोसायटीच्या गेटवर आठ तासांची पाळी किती ठिकाणी आहे? सर्रास पाळी असते ती बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. साप्ताहिक सुट्टी मिळाली तर ३१२ तास, तासाला ४८ रुपये. रिलीव्हर आला नाही, सुट्टी नाही, तीसही दिवस उभा राहिला तर ३६० तास. तासाला ४१ रुपये ६७ पैसे. पगार तोच, १५,०००. पगारपत्रक तेच. बँकेतली नोंद तीच. सरकारी पाहणीत तिघांचीही नोंद ‘नियमित पगारदार, मासिक १५,०००’ अशीच होणार.

आणि दुप्पट दराचा नियम खरोखर लावला तर? आठवड्याचे अठ्ठेचाळीस, म्हणजे रोजचे आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, म्हणजे मोल सोळा तासांचं. बारा तासांच्या पाळीला, तेही साप्ताहिक सुट्टी देऊन, ३०,००० रुपये व्हायला हवेत. बरोब्बर दुप्पट. मग त्यापेक्षा आठ-आठ तासांचे तीन वॉचमन ठेवणं स्वस्त पडेल, आणि कायद्याचा हेतूही तोच असतो. पण वार्षिक सर्वसाधारण सभेत एजन्सीची कोटेशनं येतात तेव्हा आपण काय पाहतो? ‘दिवसा एक, रात्री एक, महिन्याचे एकूण इतके.’ तिसऱ्या माणसाचा विषय कोणी काढला की मेन्टेनन्स किती वाढेल यावर चर्चा जाते आणि चहा येतो. एजन्सी कमिशन घेते, सोसायटी स्वस्त दर घेते, आणि दोघांच्या मधले चार तास कोणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. वॉचमनही तक्रार करत नाही. त्याला डबल ड्यूटी हवी असते, कारण एका ड्यूटीत भागत नाही. हे दुष्टचक्र आहे, पण कोणी दुष्ट माणूस चालवतोय असं नाही. सज्जन माणसांची कमिटी चालवते.

हॉटेलातला छेद आणखी निराळा. वेटरचा दिवस दोन तुकड्यांत असतो, दुपारच्या जेवणाची गर्दी आणि रात्रीची. मधले तीन-चार तास हॉटेल झोपतं. ते तास कामाचे की विश्रांतीचे? मालक म्हणतो विश्रांतीचे. पण मुलगा उडुपीहून, नाहीतर उत्तराखंडातून आलेला, राहायला हॉटेलच्याच माळ्यावर. मधल्या वेळात तो जाणार कुठे? कांदे सोल म्हटलं की सोलतो. राहणं-जेवण ‘फुकट’ असतं, म्हणजे पगाराचा एक भाग पैशात नसतोच. तेव्हा इथे अंशही धूसर आणि छेदही.

आता घरकाम. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, हे आपल्या चळवळींच्या इतिहासातलं फार मोठं पान आहे. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. पण कल्याण म्हणजे मजुरी नव्हे. घरकामाचा दर आपल्याकडे ठरतो तो कामावर. धुण्याचे इतके, भांड्यांचे इतके, केर-फरशीचे इतके, पोळ्यांचे माणशी इतके. वेळ त्यात कुठेच नाही. म्हणून घरी चार पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात आणि दर तोच राहतो. बाई आली नाही की खाडा मात्र बरोबर मोजला जातो. कामाचा हिशेब नगावर आणि गैरहजेरीचा वेळेवर, असा हा व्यवहार. त्यात एका घरून दुसऱ्या घरी चालत जायची दहा-पंधरा मिनिटं कोणाचीच नसतात. पाच घरं असतील तर रोजचा जवळजवळ तास चालण्यात जातो.

या व्यवहारात तास पहिल्यांदा ठळक अक्षरांत आला तो मोबाइलच्या पडद्यावर. २०२५ च्या मार्चमध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवण्याची सेवा सुरू केली. आधी तिचं नाव ‘इन्स्टा मेड्स’ होतं. सुरुवातीची सवलत म्हणून दर लावला ताशी ४९ रुपये. गदारोळ झाला. नाव बदलून ‘इन्स्टा हेल्प’ केलं गेलं. कंपनीने खुलासा केला की ४९ हा ग्राहकाचा दर आहे, काम करणाऱ्या स्त्रीला तासाला १५० ते १८० रुपये मिळतात, आणि महिन्याला १३२ तास, म्हणजे रोज सहा तास याप्रमाणे बावीस दिवस काम केलं तर किमान २०,००० रुपयांची हमी आहे. भागाकार करा, १५१ रुपये ५२ पैसे येतात. बारा तासांच्या पाळीतल्या आपल्या वॉचमनच्या तिप्पट! मला हा खुलासा महत्त्वाचा वाटतो, कारण महाराष्ट्रातल्या घरकामाचा ताशी दर कोणीतरी जाहीरपणे, छेदासकट सांगितला. सरकारने नव्हे, एका ॲपने. तमिळनाडू सरकारने २०१८ मध्ये घरकामगारांसाठी ताशी किमान दर जाहीर केले होते, ते चाळीस रुपयांच्या आतबाहेर होते.

पण छेद दिला म्हणजे तो तपासायची जबाबदारीही आली. १३२ तास कोणते? झाडू हातात असलेले, की कॉलची वाट पाहत बसलेलेही? समजा रोज सहा तास भरण्यासाठी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उपलब्ध राहावं लागलं, तर बावीस दिवसांचे २२० तास होतात आणि दर येतो ९१ रुपयांखाली. ही माझी ‘समजा’ आहे, कंपनीचा आकडा नव्हे. सेवेच्या धंद्यात वाट पाहणं हे कामच आहे. वॉचमन मुख्यतः तेच करतो. कापडाच्या दुकानातला सेल्समन सोमवारी दुपारी तेच करतो. डिलिव्हरीचा मुलगा हॉटेलच्या दारात ऑर्डर तयार व्हायची वाट पाहतो, आणि त्याचे पैसे ऑर्डरवर. नीती आयोगाच्या अंदाजानुसार अशी ॲपवरची, सुटी कामं करणारे २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख होते. त्यांचं प्रत्येक मिनिट कंपनीच्या संगणकात आहे : कधी लॉगिन, किती वेळ थांबला, कुठल्या चौकात अडकला. तेव्हा तास मोजलेच जात नाहीत हे म्हणणं खोटं आहे. ते एका बाजूला मोजले जातात, दुसऱ्या बाजूला दिसत नाहीत.

आता सरकारी पाहण्यांकडे वळू. २०१७ पासून देशात नियतकालिक श्रमबळ पाहणी चालते. जानेवारी २०२५ पासून तिचे काही आकडे दरमहा येऊ लागले. ही पाहणी चांगली आहे. तिच्यात पगारही विचारतात आणि तासही. घोळ कुठे होतो बघा. पगारदाराला विचारतात मागच्या कॅलेंडर महिन्याची कमाई. रोजंदारीवाल्याला मागच्या सात दिवसांतली. स्वतःचा धंदा असलेल्याला मागच्या तीस दिवसांतली. आणि तास सगळ्यांना विचारतात ते मागच्या सात दिवसांचे. म्हणजे पगारदाराबाबत अंश एका महिन्याचा आणि छेद दुसऱ्याच आठवड्याचा. आठवडा दिवाळीचा निघाला तर? अभ्यासक गुणाकार-भागाकार करून जुळवून घेतात, पण मग त्यातून ‘महाराष्ट्र’ वेगळा काढा, त्यातून ‘सेवा’, त्यातून ‘सुरक्षा रक्षक’, त्यातून स्त्री-पुरुष, की हातात नमुने उरतात मोजके.

श्रम ब्यूरो ग्रामीण भागातले मजुरीचे दर दरमहा काढतं. पंचवीस व्यवसाय, त्यांत वाहनचालक आणि सफाई कामगारही आहेत. पण दर दिवसाचा, आणि तोही खेड्यांपुरता. उद्योगांची वार्षिक पाहणी कारखान्यांची, तिथे मनुष्य-दिवस मोजतात.

या सगळ्यांत मला आशेची जागा दिसते ती भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक विवरणात. नोकरी देणारा दर महिन्याला प्रत्येक कामगाराची एक ओळ संगणकावर भरतो. पगार किती, वर्गणी किती, आणि सोबत एक रकाना असतो, बिनपगारी दिवसांचा. आपल्या भाषेत खाडे. कर्मचारी राज्य विमा योजनेतही पगार आणि किती दिवसांचा पगार, हे भरावं लागतं. म्हणजे गैरहजेरी मोजायची यंत्रणा गावोगावच्या एजन्सीपर्यंत पोचलेली आहे. तिच्या शेजारी तासांचा एक रकाना घाला. नवा कायदा नको, नवं खातं नको, नवा सर्व्हेही नको.

यावर मित्रमंडळी हसतात. म्हणतात, एजन्सीवाला सरळ ‘२०८’ लिहून मोकळा होईल. होईलच! पण मग त्याने लेखी खोटं लिहिलेलं असेल, आणि गेटवरच्या हजेरी यंत्राची किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीची नोंद त्याच्या विरुद्ध उभी राहील. आज तो खोटंही बोलत नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तासावर दर ठरला की मालक नेमके गर्दीचे तीन तास बोलावतील आणि बाकीच्या दिवसाची जबाबदारी झटकतील. ही भीती खरी आहे, ॲपच्या जगात ती दिसतेच. पण आपल्याच किमान वेतनाच्या अधिसूचनांत याचं उत्तर दडलेलं आहे. अर्धवेळ कामगाराचा ताशी दर काढताना दैनिक दराला आठने भागायचं आणि वर पंधरा टक्के वाढ द्यायची, अशी तरतूद महाराष्ट्राने करून ठेवली होती. तुकड्यातल्या तासाची किंमत सलग तासापेक्षा जास्त, हे कोणा अनाम अधिकाऱ्याला बरोबर कळलं होतं. पंधरा टक्के पुरेत की पंचवीस हवेत, यावर भांडू. पण तत्त्व आपल्या घरचं आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तासाचा आकडा दोन्ही बाजूंनी चकवतो, हेही सांगून ठेवतो. महिन्याच्या कमाईची तुलना केली की बायका फार मागे दिसतात. तासाने भागलं की काही कामांत दरी कमी होते, कारण त्यांचे पगारी तास कमी असतात. पण ते कमी का असतात? केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रिया त्यात दिवसाला ३०५ मिनिटं घालवतात असं निघालं, पुरुष त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. या पाहणीची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने, काय केलं ते लिहून घ्यायचं. सेवा क्षेत्राचा छेद असाच लिहून घ्यावा लागेल.

अर्थशास्त्र, समाजशास्त्र, गणित यांपैकी काहीही शिकवणारं महाविद्यालय गावात असेल तर त्यासाठी सरकारची वाट पाहू नका. पन्नास मुलं, एक तालुक्याचं गाव, सहा व्यवसाय एवढ्यावर पहिला तक्ता होतो. सरासरी छापू नका, मधल्या माणसाचा आकडा छापा आणि शेजारी तळचा. पाच प्रश्न पुरतात, आणि ते याच क्रमाने विचारा. घरातून किती वाजता निघालात? कामाच्या जागी किती वाजता पोचलात? तिथून किती वाजता सुटलात? मधल्या वेळात हवं तिथे जायची मुभा होती का? पगाराचा प्रश्न शेवटी ठेवा. तो आधी विचारला की उत्तर देणारा माणूस महिन्यात विचार करू लागतो, आणि मग तास त्याला आठवत नाहीत.